अजिंठ्याच्या इतिहासावर मुलांसाठी पुस्तक करताय? मग आधी क्रम नीट लावा

जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच शाळा, वाचनालयं आणि हौशी मंडळी अजिंठ्यावर मुलांसाठी छोटं पुस्तक काढायचं मनावर घेतात, आणि घ्यायलाच पाहिजे, एवढी मोठी गोष्ट आपल्या दाराशी आहे. पण काम उलट्या टोकाने सुरू होतं. आधी कोणीतरी बसून दहा पानं मजकूर लिहितं, मग नेटवरून चित्रं उचलायची, मग डीटीपीवाल्याकडे (छपाईसाठी पानं संगणकावर जुळवून देणाऱ्याकडे) पळापळ, आणि छापून आल्यावर कळतं की पोरं तिसऱ्या पानापुढे जात नाहीत आणि वरून दोन-चार गोष्टी सरळ चुकीच्या छापल्या गेल्यात.

म्हणून हे सगळं टप्प्याटप्प्याने लिहितोय. ८ ते १० वयाची मुलं आणि २४ पानांचं पुस्तक धरून चाललोय. लाल किल्ला, ताजमहाल, रायगड, कशावरही पुस्तक करायचं असलं तरी क्रम हाच, फक्त माहिती बदलेल.

आधी काय जमवायचं

फार काही लागत नाही. तीन रंगांची कार्डं (पांढरी, पिवळी, गुलाबी), ए-फोर कागद, स्टेपलर, २५ मीटर सुतळी, कपडे वाळवायचे चिमटे, मीटर टेप. आणि चार-पाच पोरं, जी शेवटपर्यंत तुमच्यासोबत राहतील. ही पोरं नसतील तर पुस्तक सुरूच करू नका, कारण पुढचे निम्मे टप्पे त्यांच्याशिवाय होत नाहीत. त्यातलं एखादं तरी वाचनात कच्चं असू द्या, फक्त हुशार पोरं निवडली की पुस्तक कुठे अडतं ते कळतच नाही.

टप्पा १ : पुस्तक कोणत्या वयासाठी ते ठरवा

"सर्व वयोगटांसाठी" असं पुस्तक मुलांचं होत नाही. तिसरी-चौथीच्या पोराला एका पानावर ३०-४० शब्द पुरतात, सहावीवाल्याला ८० सुद्धा चालतात. दोघांना एकाच पुस्तकात बसवायला गेलात की लहानगं दमतं आणि मोठं कंटाळतं. एक इयत्ता पकडा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण मजकूर लिहिताना मोठ्यांची भाषा हळूच आत शिरते आणि तेव्हा ते पान उघडून बघावं लागतं.

टप्पा २ : पुस्तकाचा एकच प्रश्न ठरवा

"अजिंठ्याची संपूर्ण माहिती" हा विषय २४ पानांत मावत नाही. एक प्रश्न घ्या आणि सगळी पानं त्याच्यामागे लावा. उदाहरणार्थ: डोंगराच्या आत एवढा मोठा हॉल कसा कोरला? अंधारात चित्रं कशी काढली? पैसे कोणी दिले? चित्रं एवढी वर्षं टिकली कशी?

जळगावच्या पोरांसाठी मला सगळ्यात आवडणारा प्रश्न नदीचा आहे. लेण्यांसमोरून जी वाघूर नदी घोड्याच्या नालेसारखं वळण घेते, तीच पुढे जळगाव जिल्ह्यात येते, तिच्यावर वाघूर धरण आहे आणि त्या धरणाचं पाणी जळगाव शहराला मिळतं. म्हणजे पोराच्या घरातल्या नळापासून पुस्तक सुरू करता येतं आणि उलट्या दिशेने चढत चढत लेण्यांपर्यंत, त्याच्याही वर सातकुंडापर्यंत (तिथल्या धबधब्याची कुंडं) नेता येतं. नकाशा, प्रवास, इतिहास सगळं एका धाग्यात येतं. धुळे-नंदुरबारकडच्यांना हा प्रश्न तितका घरचा वाटणार नाही, त्यांनी कोरण्याचा किंवा रंगांचा घ्यावा.

*तपासा:* तुमचा प्रश्न एखाद्या पोराला विचारून बघा. ते लगेच स्वतःचं काहीतरी उत्तर ठोकून देत असेल तर प्रश्न चांगला आहे. "माहीत नाही" म्हणून गप्प बसलं तर दुसरा शोधा.

टप्पा ३ : माहितीची कार्डं करा

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. प्रत्येक माहिती एका वेगळ्या कार्डावर. पक्की माहिती, म्हणजे लेण्यात शिलालेख आहे, डोळ्यांनी दिसतंय, पुरातत्त्व खात्याच्या पुस्तिकेत आहे, ती पांढऱ्यावर. अभ्यासकांचा अंदाज पिवळ्यावर. आणि लोक सांगतात ते गुलाबीवर. कार्डाच्या मागे ही माहिती कुठून मिळाली ते लिहा, आणि "नेटवर वाचलं" हे कुठून मिळाल्याचं उत्तर होत नाही.

पारूचं उदाहरण घ्या, रॉबर्ट गिलची प्रेयसी म्हणून लोक जिची गोष्ट सांगतात ती. रॉबर्ट गिल नावाचा इंग्रज चित्रकार-अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर होता, हे पांढरं कार्ड. त्याने केलेल्या बहुतेक नकला लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ ला जळाल्या, हेही पांढरं. १८७९ ला तो वारला आणि त्याची कबर आपल्या भुसावळात आहे, पांढरं. अजिंठा गावात पारूची समाधी आहे, त्यावर १८५६ साल आहे, पांढरं. पण ती दोघं कशी भेटली, काय बोलली, गावाने काय केलं, हे जे सगळीकडे रंगवून सांगतात ते गुलाबी. मुलांच्या पुस्तकात गुलाबी कार्ड घ्यायला माझी हरकत नाही, फक्त त्या पानावर "लोक अशी गोष्ट सांगतात" हे शब्द पाहिजेतच.

आता ज्या चुका पुन्हा पुन्हा छापल्या जातात त्या सांगतो, तुमच्या कार्डांत यातलं काही आहे का ते बघून घ्या.

पहिली चूक जिल्ह्याची. लेणी जळगावहून साधारण ६० किलोमीटरवर, म्हणून आपण ती सरळ जळगाव जिल्ह्यात टाकून देतो. ती छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत, सोयगाव तालुक्यात, फर्दापूरजवळ.

दुसरी, "सातशे वर्षं सलग खोदकाम चाललं होतं". असं नाही झालं. काम दोन वेळा झालं. पहिल्यांदा इसवी सनाच्या आधीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकात, आणि मग मध्ये काही शतकं सगळं शांत, आणि दुसऱ्यांदा पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात. बहुतेक लेणी या दुसऱ्या वेळची आहेत. ही मधली शांतता पोरांना फार आवडते, "मग मध्ये तिथे कोण राहायचं?" असं लगेच विचारतात, तेव्हा ती गाळू नका.

तिसरी, "लेणं क्रमांक १ सगळ्यात जुनं". नंबर हे रस्त्याने चालत जाताना कोणतं लेणं आधी लागतं त्यावरून दिलेत, वयावरून दिलेले नाहीत. जुनी लेणी मध्ये आहेत, ९ आणि १० त्यातलीच. क्रमांक १ नंतरच्या काळातलं.

चौथी, अजिंठा आणि वेरूळची खिचडी. वेरूळचं १६ क्रमांकाचं लेणं म्हणजे कैलास मंदिर. अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं म्हणजे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवून घेतलेला विहार. नंबर एकच, त्यामुळे चित्र एकाचं आणि मजकूर दुसऱ्याचा असं सर्रास होतं.

पाचवी, पद्मपाणीच्या चित्राखाली "भगवान बुद्ध" असं लिहिणं. हातात कमळ घेतलेली लेणं १ मधली ती आकृती बोधिसत्त्वाची आहे. बोधिसत्त्व म्हणजे कोण ते एका ओळीत पोरांना सांगता येतं: जो बुद्ध होण्याच्या वाटेवर आहे आणि सगळ्यांना मदत करतो.

सहावी, "१८१९ ला जॉन स्मिथने अजिंठा शोधला". शिकारीला आलेल्या त्या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ला लेणी पाहिली आणि मग बाहेरच्या जगात त्यांचा बोलबाला झाला, हे खरं. पण आजूबाजूच्या गावातल्या माणसांना ती जागा माहीतच होती. मुलांना "शोधला" शिकवलं की आपलीच माणसं गोष्टीतून पुसली जातात, आणि मला ते फार लागतं. दुसरं म्हणजे या साहेबाने लेणं १० मध्ये स्वतःचं नाव आणि तारीख खरडून ठेवलीय. ते लिहाच, पण पोरांना वाटलं नाही पाहिजे की हे काही शौर्याचं काम होतं.

सातवी, "ही सगळी चित्रं फ्रेस्को आहेत". खऱ्या फ्रेस्कोत गिलावा ओला असतानाच रंग लावतात. इथे आधी खडबडीत दगडावर मातीचा गिलावा, त्यात भुसा आणि वनस्पतींचे धागे कालवलेले, त्यावर चुन्याचा पातळ पांढरा हात, आणि ते वाळल्यावर रंग. मुलांना "ओल्यावर नाही, कोरड्यावर" एवढं पुरे.

आठवी, "झाडपाल्याच्या रसाचे रंग". मुख्य रंग दगड-मातीचे आहेत. लाल आणि पिवळा गेरू, हिरवी माती, काजळीचा काळा, चुन्याचा पांढरा. निळ्यासाठी लाजवर्द दगड, तो अफगाणिस्तानाकडून यायचा. या एका निळ्या ठिपक्यावर दोन पानं होतात, तो दगड कसा आला असेल, उंटावरून, बैलावरून, बोटीतून, पोरं डोकं चालवतात. फक्त प्रवासाचा मार्ग हे पिवळं कार्ड आहे हे विसरू नका.

*सावधान:* शिलालेखात नाव आहे म्हणून त्या माणसाने स्वतः छिन्नी चालवली असं होत नाही. वराहदेव मंत्री होता, लेणं २६ मधल्या लेखातला बुद्धभद्र भिक्षू होता, लेणं १० चं दर्शनी तोंड कटहादि नावाच्या माणसाने दान दिलं. कोरणारे हात वेगळे होते आणि त्यांची नावं कुठे लिहून ठेवलेली नाहीत. पुस्तकात त्यांच्यासाठी एक पान ठेवा असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. गवंडी, सुतार, पाथरवट यांच्या घरातली पोरं आपल्या वर्गात असतात, त्यांना ते पान स्वतःचं वाटतं.

टप्पा ४ : कार्डं घेऊन लेण्यांत जा

मजकूर लिहायच्या आधी जायचं, नंतर नाही. सोमवारी लेणी बंद असतात (वेरूळ मंगळवारी बंद), दरवर्षी कोणाची तरी सहल सोमवारी फर्दापूरला जाऊन परत येते. गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबतात, तिथून पुढे लेण्यांपर्यंत बस. १५ वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागत नाही, बसचं वेगळं. फ्लॅश मारायला बंदी आहे आणि ट्रायपॉड परवानगीशिवाय चालत नाही.

सगळी ३० लेणी बघायच्या नादी लागू नका, पोरं बाराव्या लेण्यापर्यंत पाणी-पाणी करायला लागतात. मी हा क्रम सुचवतो. आधी लेणं १०: आतले खांब पोरांना मोजू द्या, ३९ भरले पाहिजेत, आणि मागचा साधा स्तूप बघा, त्याच्यावर मूर्ती कोरलेली नाही. मग सरळ लेणं २६: इथे स्तूपावरच बुद्धांची मूर्ती कोरलीय. "दोघांत फरक काय?" एवढंच विचारा आणि थांबा. पोरं स्वतः सांगतात, आणि मधल्या शतकांत काय बदललं हे त्यांना भाषणाशिवाय कळतं. त्याच लेण्यात महापरिनिर्वाणाची (बुद्धांच्या देहत्यागाची) आडवी मूर्ती आहे, साधारण ७ मीटर लांब. परत आल्यावर मैदानात खडूने ७ मीटरची रेघ मारून पोरांना तिच्यावर ओळीने झोपवा, मग पुस्तकात "भव्य" हा शब्द लिहावाच लागत नाही.

मग लेणं २४. हे अपूर्ण राहिलेलं, आणि म्हणूनच कोरण्याच्या गोष्टीसाठी सोन्यासारखं. काम अर्ध्यात थांबलेलं दिसतं, छिन्नीच्या खुणा दिसतात. शेवटी लेणं १७ आणि १, चित्रांसाठी. आत शिरल्यावर लगेच बघायला लावू नका, डोळे अंधाराला सरावेपर्यंत पोरांना गप्प उभं करा, नाहीतर "काहीच दिसत नाही सर" म्हणत बाहेर पळतात.

*तपासा:* बाहेर आल्यावर झाडाखाली बसून प्रत्येक पांढरं कार्ड हातात घ्या. जे डोळ्यांनी बघितलं त्याच्यावर टिक. टिक नसलेली कार्डं पुस्तकात सगळ्यात शेवटी विचारात घ्यायची.

टप्पा ५ : काळाची दोरी

"इसवी सन पूर्व दुसरं शतक" हे चौथीच्या पोरासाठी नुसता आवाज आहे. व्हरांड्यात सुतळी बांधा, १ मीटर म्हणजे १०० वर्षं. एका टोकाला आज. ८० सेंटिमीटरच्या जरा अलीकडे १९४७ चा चिमटा. २ मीटरच्या जरा पुढे १८१९, जॉन स्मिथ. ४ मीटरला शिवाजी महाराजांचा जन्म, १६३०. आणि मग पोरांना चालत चालत साडेपंधरा मीटरपर्यंत न्या, तिथे हरिषेण. पहिली लेणी २१-२२ मीटरवर, बहुतेक शाळांत तिथे व्हरांडा संपलेला असतो आणि दोरी मैदानात न्यावी लागते.

हीच दोरी पुस्तकात प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक रेघ म्हणून छापा, आणि त्या पानाची गोष्ट जिथे घडते तिथे ठिपका. सनावळ्या मजकुरातून निम्म्या कमी होतात.

टप्पा ६ : आधी कोरी डमी, मग मजकूर

६ ए-फोर कागद मधोमध दुमडून मध्ये पिन मारा, २४ पानं तयार. पानांना नंबर द्या. आता नुसत्या पेन्सिलीने प्रत्येक पानावर काय येणार ते एका शब्दात लिहा: नळ, धरण, वळण, डोंगर...

डमी केल्यावर दोन गोष्टी हातालाच कळतात. एक, डावी-उजवी बाजू. १, ३, ५ ही पानं उजवीकडे येतात. प्रश्न उजव्या पानाच्या शेवटी टाकला आणि उत्तर पान उलटल्यावर दिलं की पोरगं आपोआप पान उलटतं. प्रश्न डावीकडे आणि उत्तर लगेच उजवीकडे दिसत असेल तर मजा गेली. दोन, १२-१३ ही मधली जोडी एकाच सलग कागदावर येते, म्हणून सगळ्यात रुंद चित्र, म्हणजे समोरच्या व्ह्यू पॉइंटवरून दिसणारा लेण्यांचा पूर्ण अर्धगोल, तिथेच टाका. दुसऱ्या जोडीवर टाकलात तर छपाईत दोन्ही अर्धे थोडे वरखाली होऊ शकतात.

*सावधान:* मध्ये पिन मारायच्या पुस्तकात पानं ४ च्या पटीत लागतात. १६, २०, २४, २८. "२२ पानं झालीत, चालेल ना?" असं प्रेसवाल्याला विचारू नका, दोन कोरी पानं मागे लागतात आणि पुस्तक अर्धवट दिसतं.

टप्पा ७ : आता मजकूर

नेहमी असं लिहिलं जातं:

"अजिंठा लेणी ही इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकापासून सातवाहन व वाकाटक राजवटींच्या काळात सह्याद्रीच्या कुशीत खोदली गेलेली जगप्रसिद्ध बौद्ध लेणी असून त्यातील शिल्पकला व चित्रकला अद्वितीय आहे."

यात चूक फारशी नाही, पण पोराला डोळ्यापुढे काहीच दिसत नाही. तेच असं करून बघा:

"आधी इथे नुसता डोंगर होता. काळा, टणक. आत एकही खोली नव्हती. मग कोणीतरी पहिला घाव घातला. कुठे घातला असेल? खाली पायाशी, की वर?"

आणि पान उलटल्यावर: "वर! आधी छत कोरलं. मग दगड काढत काढत खाली आले. सगळ्यात शेवटी जमीन." त्याखाली "म्हणून त्यांना उंच परांचीची गरज पडली नाही" असं एक वाक्य. पोरं इथे थांबून विचार करतात, हे मी बघितलंय.

वाक्यं छोटी ठेवा, एका पानावर एकच नवीन शब्द. चैत्य म्हणजे स्तूप असलेला प्रार्थनेचा हॉल, विहार म्हणजे भिक्षूंच्या राहायच्या खोल्या, जातक म्हणजे बुद्धांच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी. हे तिन्ही एकाच पानावर कोंबू नका. "अद्वितीय, अप्रतिम, जगप्रसिद्ध" काढून टाका, त्याऐवजी एखादी मोजता येणारी गोष्ट द्या.

जातकातली गोष्ट घ्यायचीच असते, नाहीतर चित्रांचं पान कोरडं राहतं. लेणं १७ मधली दोन लहान मुलांना चांगली जातात. एक महाकपीची, वानरांचा राजा आपल्या अंगाचा पूल करून टोळीला नदीपार नेतो. दुसरी पांढऱ्या हत्तीची, त्याची आई आंधळी असते, राजा त्याला पकडून नेतो तर तो अन्नाला तोंड लावत नाही, शेवटी राजा त्याला सोडून देतो. सहा सुळ्यांच्या हत्तीची छद्दंताची गोष्ट लेणं १० आणि १७ दोन्हीकडे आहे, फार सुंदर आहे, पण त्यात सुळे कापण्याचा प्रसंग येतो, ती सहावीच्या पुढच्यांना द्या.

बोलीचं थोडं. पुस्तकातलं पोरगं खान्देशातलं असेल तर त्याच्या तोंडी एखादं वाक्य अहिराणीत येऊ द्या, "हाई कोनी करं?" असं म्हणालं की वर्गात हशा आणि आपलेपणा एकदम येतो. पण तुमची पोरं रावेर-यावलकडची असतील तर तिकडे लेवा बोली, तिथे अहिराणी ठोकून देऊ नका, घरी ज्या पोरांची ती भाषा आहे त्यांनाच विचारून वाक्य लिहा. निवेदन मात्र साध्या मराठीतच.

*सावधान:* बुद्धांबद्दल लिहिताना सगळीकडे आदरार्थी ठेवा. "बुद्ध झोपलाय" असं मथळ्यात छापलेलं मी पाहिलंय. कितीतरी घरांत ते श्रद्धास्थान आहेत, आणि तिथे झोपेचं दृश्यही नाही, महापरिनिर्वाणाचं आहे.

टप्पा ८ : चित्रं

नेटवरचा फोटो उचलायचा नाही, तो कोणाच्या तरी मालकीचा असतो आणि छापल्यावर फुटतोही. तीन चांगले रस्ते आहेत. पोरांनी काढलेली चित्रं, हा सगळ्यात उत्तम. स्वतः फ्लॅशशिवाय काढलेले फोटो, पुस्तक विकणार असाल तर पुरातत्त्व खात्याला आधी लेखी विचारून घ्या. आणि तिसरा, जुन्या नकला: मुंबईच्या कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ नंतर ज्या नकला केल्या त्या १८९०च्या दशकात छापून आल्या, आता त्यांच्यावर कॉपीराइट राहिलेला नाही. कोणत्या लेण्यातली नक्कल आहे ते चित्राखाली लिहा.

चित्रातल्या चुका मजकुरातल्यांपेक्षा जास्त टिकतात. पहिल्या काळातल्या लेण्याच्या चित्रात कोरलेली बुद्धमूर्ती काढू नका, तिथे स्तूपच. कारागिरांच्या हातात छिन्नी-हातोडी, कमरेला धोतर, डोक्यावर आजच्यासारखा फेटा नको. नदीला कायम भरपूर पाणी दाखवू नका, वाघूर पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात कोरडी पडते, आणि ती कोरडी दाखवली तर पोरं ओळखतात.

टप्पा ९ : छापायच्या आधी पोरांसमोर वाचा

कच्ची डमी घेऊन पोरांपुढे मोठ्याने वाचा, आणि एकाला तरी स्वतः वाचू द्या. तुमच्या हातात पेन्सिल. जिथे पोरगं अडखळलं तिथे आडवी रेघ, जिथे बाहेर बघायला लागलं तिथे गोल, जिथे मध्येच प्रश्न विचारला तिथे फुली. समजावून सांगायचं नाही, हे फार कठीण जातं पण तोंड बंद ठेवा. तुम्ही समजावलं की पानातली चूक झाकली जाते, आणि पुस्तक घरी जाईल तेव्हा तुम्ही सोबत नसाल.

रेघांची वाक्यं तोडा. गोल असलेलं पान बहुतेक वेळा काढूनच टाकावं लागतं, आवडीचं असलं तरी. फुल्यांची उत्तरं पुढच्या पानात येतात का बघा. हे एकदा झालं की दुसऱ्या, आधी न ऐकलेल्या पोरांसमोर परत.

टप्पा १० : डीटीपी आणि प्रूफ

मोबाइलवर टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो. डीटीपीवाले बरेच जण श्री-लिपी किंवा कृतिदेवमध्ये काम करतात, आणि बदलताना अक्षरं फुटतात. म्हणून आधीच विचारा, "युनिकोडमध्येच लावून द्याल का?" नाहीच जमलं तर प्रूफमध्ये हे शब्द एकेक करून शोधा: बोधिसत्त्व, पद्मपाणी, स्तूप, भिक्षू, दऱ्या, श्रमण, द्वार. "ऱ्या", "द्म", "त्त्व" आणि रफार इथेच गडबड होते. काही सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसते, तेही बघा.

अक्षर चौथीसाठी १६ ते १८ पॉइंट, ओळींत मोकळी जागा, आणि शब्द ओळीच्या शेवटी तोडायचा नाही. रंगीत चित्रावर मजकूर छापू नका, विशेषतः गडद तपकिरीवर, अजिंठ्याची चित्रं तशीच असतात आणि अक्षरं त्यात बुडून जातात.

प्रूफ तीन वेळा, तीन वेगळ्या कामांसाठी: एकदा फक्त आकडे आणि नावं कार्डांशी जुळवून, एकदा फक्त शुद्धलेखन, एकदा फक्त चित्र आणि त्याखालची ओळ. सगळं एकदम बघायला गेलं की डोळा घसरतो.

टप्पा ११ : छपाई

चित्रं ३०० डीपीआय (चित्राची बारकाई), फाइल सीएमवायके (छपाईच्या चार रंगांची), चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा किनार). आतला कागद ८० जीएसएमपेक्षा (कागदाच्या वजनाचं माप) जाड घ्या नाहीतर मागचं चित्र पुढे दिसतं, कव्हर २५० जीएसएमच्या आसपास आणि लॅमिनेशन, कारण ते दप्तरात डब्याशेजारी जाणार आहे. आधी एकच प्रत डिजिटलवर काढून घ्या आणि उन्हात धरून बघा. स्क्रीनवरचा तांबूस गेरू छापल्यावर विटकरी किंवा चक्क गुलाबी येतो, तो प्रेसवाल्याला सांगून दुरुस्त होतो, पण ५०० प्रती निघाल्यावर होत नाही.

विकणार असाल तर आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) घ्या, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून ऑनलाइन मिळतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. कोणी त्यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नका. नुसतं शाळेपुरतं असेल तर त्याच्या मागे लागायची गरज नाही.

शेवटच्या पानावर शाळेचा पत्ता आणि "चूक सापडली तर कळवा" एवढी एक ओळ छापा. चित्रं काढणाऱ्या प्रत्येक पोराचं नाव आतल्या पानावर घालायचं की नाही ते पालकांना विचारून ठरवा. ओपन फाइल (जिच्यात पुढे बदल करता येतात ती) डीटीपीवाल्याकडून त्याच दिवशी पेनड्राइव्हवर घ्या, फक्त पीडीएफवर समाधान मानू नका, आणि माहितीची कार्डं रबर लावून डब्यात शाळेतच ठेवा. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी जे कोणी सर किंवा मॅडम हे काम हातात घेतील त्यांना ती कार्डंच आधी लागतील.